मातीचं काय केलं?

व्हिएतनाममधल्या कू चीच्या जंगलात, अमेरिकेशी लढणाऱ्या गनिमांच्या भुयारांपाशी, गाइडनं वाळलेली पानं बाजूला सारली आणि खालची लाकडी झडप उचलली, तेव्हा आमच्या गटातल्या सगळ्यांचे मोबाइल वर गेले. झडप जेमतेम वहीच्या जोडपानाएवढी. त्यातून माणूस आत जाऊ शकतो यावर विश्वास बसेना. गाइड सडपातळ होता. त्यानं दोन्ही हात डोक्यावर धरले, सरळ उभ्याउभ्या आत उतरला, झडप डोक्यावर ओढून घेतली आणि नाहीसा झाला. पुन्हा फक्त पाचोळा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो बाहेर आल्यावर आई मला म्हणाली, "त्याला विचार, एवढं खणलं तर मातीचं काय केलं?"

मी इंग्रजीतून विचारलं. तो क्षणभर आईकडे बघत राहिला. मग म्हणाला, हा प्रश्न फार कमी लोक विचारतात. लोक सापळ्यांबद्दल विचारतात, सापांबद्दल विचारतात, किती सैनिक मेले ते विचारतात. मातीबद्दल त्यानं सांगितलं ते असं: ताजी उकरलेली माती वरून, विमानातून लगेच दिसते. रंग वेगळा असतो, ओल असते. एक ढीग दिसला की खाली भुयार आहे हे कळलंच. म्हणून माती रात्री बाहेर काढायची आणि उजाडायच्या आत ती कुठेच दिसता कामा नये. बॉम्बनं पडलेल्या खड्ड्यांत लोटायची, नदीत सोडायची, भाताच्या खाचरांत पसरायची. बॉम्ब टाकणाऱ्यांनीच माती लपवायला जागा करून दिली होती.

आपल्याकडे कुठल्याही किल्ल्यावर गेलं की कुणीतरी हमखास एका बुजलेल्या भोकाकडे बोट दाखवून सांगतं, इथून भुयार थेट अमक्या गावात निघतं. लहानपणापासून मी अशी दहा-बारा भुयारं ऐकलेली आहेत. ऐकताना नेहमी त्यातून पळणारा घोडेस्वार डोळ्यांसमोर येई. ते खणणारा माणूस कधी आला नाही. आईचा प्रश्न ऐकल्यावर पहिल्यांदा तो आला, पाटी डोक्यावर घेऊन.

त्या रात्री हो ची मिन्ह शहरातल्या हॉटेलात मी कागदावर हिशेब मांडला. मूळ भुयारं बऱ्याच ठिकाणी सुमारे दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच. म्हणजे एक मीटर पुढे सरकायला अर्धा घनमीटर माती, वजनात साधारण एक टन. एका घमेल्यात वीस किलो धरली, तर पन्नास घमेली. भुयारांचं जाळं २०० किलोमीटरहून मोठं होतं. पन्नासला दोन लाखांनी गुणलं, तर एक कोटी घमेली. खोल्या, विहिरी, दवाखाने, दारूगोळ्याच्या कोठ्या यांची माती वेगळीच. हा माझा ढोबळ अंदाज आहे, त्याला इतिहासकाराचा आधार नाही. पण एक कोटी हा आकडा समोर आल्यावर मला बराच वेळ झोप लागली नाही. प्रत्येक घमेलं कुणीतरी अंधारात भरलं होतं, रांगत मागे सरकवलं होतं, वर ओढलं होतं आणि उजाडायच्या आत नाहीसं केलं होतं.

खणायला सुरुवात झाली १९४०च्या दशकाच्या अखेरीस, फ्रेंचांविरुद्धच्या लढ्यात. तेव्हा गावोगाव लपायच्या लहान जागा होत्या. मग एका गावाचं भुयार शेजारच्या गावाला जोडलं गेलं. अमेरिकेशी युद्ध पेटलं तेव्हा त्या जागांचं तीन मजली जाळं झालं होतं. वरचा मजला तीन-चार मीटरवर, सगळ्यात खालचा दहा मीटरच्या आसपास. तिथली माती जांभ्याच्या जातीची आहे. ओली असताना कुदळीला वळते, वाळली की विटेसारखी घट्ट होते. म्हणून आधाराला खांब न देताही भुयारं टिकली. हवेची भोकं वारुळांच्या आकारात लपवलेली. शोधायला आणलेल्या कुत्र्यांना वास लागू नये म्हणून त्या भोकांपाशी मिरपूड टाकायचे, नाहीतर अमेरिकन साबण ठेवायचे, म्हणजे कुत्र्याला आपल्याच माणसाचा वास आल्यासारखं वाटावं.

स्वयंपाकाची सोय मला सगळ्यात जास्त आवडली. चूल पेटली की धूर आला, आणि धूर दिसला की वरून बॉम्ब. फ्रेंचांशी लढाई चालू असताना होआंग काम नावाच्या एका लष्करी स्वयंपाक्यानं यावर उपाय शोधला होता. धूर एका धुरांड्यातून वर सोडायचा नाही. जमिनीखालच्या लांबलचक चरांतून फिरवायचा. चरांवर फांद्या आणि ओली माती. फिरत फिरत धूर निवतो, विरळ होतो आणि बऱ्याच अंतरावर गवतातून धुक्यासारखा झिरपतो. रांधायचं पहाटे, खरं धुकं असताना. या चुलीला आजही त्या स्वयंपाक्याचं नाव आहे. सेनापतींची नावं युद्धांना मिळतात, पण एका आचाऱ्याचं नाव चुलीला मिळून ते टिकलं याचं मला फार बरं वाटलं.

भेटीच्या शेवटी पर्यटकांना त्या काळचं जेवण चाखायला देतात, उकडलेला कसावा आणि सोबत तीळ-शेंगदाणे-मिठाची भरड. ज्याच्यापासून साबुदाणा करतात तोच हा कंद. आईनं दोन तुकडे खाल्ले आणि म्हणाली, "भूक भागते. पण रोज हेच म्हणजे बाळंतिणीला पुरायचं नाही."

आई तेहतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स होती, त्यातली बरीचशी प्रसूतिकक्षात. जग ती तिथून बघते.

कू चीला पर्यटकांसाठी काही भुयारं रुंद केलेली आहेत. आईचे गुडघे तसे नाहीत, म्हणून मी एकटीच उतरले. रुंद केलेलं असूनही ओणवं चालावं लागतं, काही ठिकाणी रांगावं लागतं. पुढच्या माणसाच्या बुटाचे तळवे दिसतात, बाकी काही नाही. मागे कुणीतरी आहे हे श्वासावरून कळतं. दहा-पंधरा पावलांत अंग घामानं चिंब झालं. हवा होती, पण ती कुणीतरी आधीच वापरलेली वाटत होती. पुढचा माणूस थांबला तेव्हा मीही थांबले, आणि त्या थांबण्यात माझ्या पोटात खरीखुरी भीती उतरली. ठरावीक अंतरावर बाहेर पडायच्या वाटा आहेत. पहिली वाट आली तिथूनच मी वर आले.

तिथे उभी राहून श्वास घेताना कळलं की मी जे अनुभवलं त्याला भुयार म्हणता येणार नाही. ज्यातून हवं तेव्हा वर येता येतं आणि वर आल्यावर कुणी गोळी घालत नाही, ती जागा वेगळी. लांबीरुंदीचा हिशेब मला जमला होता. हा दुसरा हिशेब तिकीट काढून कळण्यासारखा नव्हता.

जानेवारी १९६६ मध्ये 'ऑपरेशन क्रिम्प'मध्ये सुमारे आठ हजार अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन सैनिक या भागात उतरले. भुयारं किती पसरलेली आहेत याची कल्पना त्यांना तेव्हा आली. त्याच वर्षी अमेरिकेच्या २५व्या इन्फंट्री डिव्हिजनचा तळ कू चीला पडला, या जाळ्याच्या अगदी अंगावर. रात्री तळाच्या आतून गोळ्या येत आणि मारणारे सापडत नसत. पुढच्या जानेवारीत 'ऑपरेशन सीडर फॉल्स'. सुमारे तीस हजार सैनिक, आणि लगतच्या 'आयर्न ट्रँगल' भागातलं बेन सुक हे गाव माणसं हलवून बुलडोझरनं सपाट केलं गेलं. भुयारात उतरायला अमेरिकन आणि ऑस्ट्रेलियन सैन्यातले लहान चणीचे जवान निवडत. त्यांना 'टनेल रॅट' म्हणत. हातात पिस्तूल आणि टॉर्च, आणि समोर अंधार. त्यांच्याबद्दल वाचताना मला शत्रू-मित्र असं काही उरलं नाही. विशीतली मुलं होती ती. भिंतीच्या दोन्ही बाजूंना विशीतलीच मुलं.

बांबूच्या टोकदार खुंट्यांचे सापळे ओळीनं मांडून दाखवतात. कुठला सापळा मांडीत घुसतो, कुठला छातीत, हे गाइड प्रात्यक्षिकासह सांगतो. तो भाग मी लवकर ओलांडला. ज्यांना तो बघावासा वाटतो त्यांना मी नावं ठेवत नाही. ज्यांच्या भूमीवर हे घडलं त्यांना आपली हुशारी दाखवायचा पूर्ण हक्क आहे. पण त्या भागात गोळीबाराची रेंजही आहे. पैसे भरून पर्यटक एके-४७ किंवा एम-१६ चालवू शकतात. झाडांतून तो आवाज सतत येत राहतो. त्या आवाजात आई एका बाकावर पाण्याची बाटली मांडीवर घेऊन बसली होती. प्रत्येक फैरीला तिचा खांदा किंचित हलत होता. मी तिच्याजवळ जाऊन बसले, तर म्हणाली, "इथे लढलेत कसे ते दाखवलं. राहिले कसे ते कुठे बघायला मिळतं?"

कू चीच्याच बेन दुओक भागात युद्धात मेलेल्यांचं एक स्मृतिमंदिर आहे. भिंतींवर ४४ हजारांहून अधिक नावं कोरलेली. आम्ही तिथे गेलो. लिपी लॅटिन आहे, त्यामुळे नावं वाचता येतात, उच्चारता येत नाहीत. एकाच आडनावाची रांगच्या रांग. आई बोट फिरवत राहिली. तिला त्यातल्या बायकांची नावं कशी ओळखायची ते हवं होतं. पूर्वी बायकांच्या नावात मधे 'थी' हा शब्द असायचा असं गाइडनं सांगितल्यावर तिनं मोजायला सुरुवात केली आणि थोड्या वेळानं सोडून दिली.

राहिले कसे, याचं उत्तर देशाच्या मध्यभागी मिळालं.

१९५४च्या जिनिव्हा करारानं व्हिएतनामचे दोन भाग केले, १७व्या अक्षांशाच्या आसपास. ती रेषा बेन हाय नदीच्या पात्रातून गेली. ह्वे शहरातून सकाळी निघालो, दोनेक तासांत त्या नदीवर पोचलो. नदी अरुंद आहे. हिएन लुओंग पुलाच्या दोन अर्ध्या भागांना दोन वेगळे रंग दिलेले आहेत, पूर्वी होते तसे. जुना पूल बॉम्बफेकीत पडला, आताचा त्याची प्रतिकृती आहे. मधोमध एक रेघ. आई त्या रेघेवर एक पाय इकडे एक पाय तिकडे ठेवून उभी राहिली आणि काही न बोलता पुढे गेली.

नदीच्या उत्तरेला लागूनच विन लिनचा भाग, आणि त्यात समुद्राला टेकलेलं विन मोक हे कोळ्यांचं गाव. समोर समुद्रात कोन को नावाचं लहानसं बेट आहे. त्या बेटावरच्या उत्तर व्हिएतनामी सैनिकांना अन्न आणि दारूगोळा या किनाऱ्यावरून होड्यांनी जाई. १९६५ पासून उत्तरेवर अमेरिकेची बॉम्बफेक सुरू झाली आणि हे गाव तिच्या तोंडाशी होतं. वर घर उरलं नाही तेव्हा गाव खाली गेलं. कू चीमध्ये लढायला भुयारं होती. इथे नांदायला होती.

खणायची पद्धत अशी: आधी टेकाडावरून सरळ खाली विहिरीसारखे खड्डे घ्यायचे, मग तळातून आडवं खणत एकमेकांकडे जायचं. माती त्याच खड्ड्यांतून वर. पुढे तेच खड्डे हवेसाठी कामाला आले. तांबडी बेसाल्टची माती. हत्यारं म्हणजे कुदळ, फावडं, टोपली. मी न विचारताच गाइड मुलीनं सांगितलं की माती समुद्रात आणि बॉम्बच्या खड्ड्यांत टाकली. आईनं माझ्याकडे बघितलं. तिला उत्तर दुसऱ्यांदा मिळालं होतं.

तीन मजले. १२ मीटर, १५ मीटर आणि सगळ्यात खालचा २३ मीटर. एकूण लांबी दोन किलोमीटरच्या जवळ. तेरा तोंडं, त्यातली सात समुद्राकडे, सहा टेकाडावर. समुद्राकडच्या तोंडांतून वारा आत येतो आणि वरच्या भोकांतून निघून जातो. सुमारे साठ कुटुंबं इथे राहिली, १९६६ पासून १९७२ पर्यंत. एक बॉम्ब थेट भुयारावर पडला, पण फुटला नाही, आणि त्याच्या भोकाचा झरोका केला गेला. आत आसरा घेतलेल्यांपैकी कुणीही बॉम्बनं दगावलं नाही असं तिथे सांगतात.

ही भुयारं पर्यटकांसाठी रुंद करावी लागली नाहीत. मान थोडी वाकवली की चालता येतं, म्हणून आईही आली. मी पुढे, ती माझ्या खांद्यावर हात ठेवून मागे. आता विजेचे दिवे आहेत. त्या काळी तेलाचे होते. भिंती ओलसर, हाताला गार लागतात. पायऱ्या घसरड्या. दोन्ही अंगांना थोड्या थोड्या अंतरावर कोनाडे खणलेले. देवळीपेक्षा मोठे, खोलीपेक्षा फारच लहान. प्रत्येक कोनाडा म्हणजे एका कुटुंबाचं घर. तीन-चार माणसं. मी एकात बसून बघितलं. गुडघे छातीशी घेतले तर आणखी दोघं बसतील. आडवं व्हायचं तर कुणाचे तरी पाय वाटेत येणार. सहा वर्षं.

चालताना आई प्रश्न विचारत होती आणि मी भाषांतर करत होते. पाणी कुठून? आत विहिरी आहेत, ही बघा. स्वयंपाक? होआंग कामची चूल. ते नाव ऐकून आई हसली, ओळखीचं माणूस भेटल्यासारखी. सभेसाठी एक मोठी जागा होती, तिथे गाणीही होत. मुलं शिकत. विमानं नसत तेव्हा लोक वर जाऊन शेतात राबत, मासे धरत आणि परत खाली येत.

मग ती खोली आली. पाटीवर इंग्रजीतही लिहिलं होतं, प्रसूतिगृह. बाकी कोनाड्यांपेक्षा थोडं मोठं, एवढंच. आत पुतळे ठेवलेले, बाळ घेतलेली बाई आणि शेजारी दुसरी. इथे सतरा मुलं जन्मली. मागून दुसरा गट येत होता, म्हणून गाइड पुढे निघाली, पण आई हलेना.

तिनं आधी छताला हात लावला. मग भिंतीला. मग वाकून जमीन बघितली. मी तिच्याकडे बघत होते आणि मला एकदम लक्षात आलं की ती ही खोली लावून बघते आहे. बाई इथे, डोकं त्या बाजूला. दिवा कुणी धरायचा. गरम पाणी कुठे ठेवायचं. दुसऱ्या बाईनं कुठे बसायचं म्हणजे हात पोचेल.

"रक्तस्राव झाला तर?" ती म्हणाली. हा प्रश्न मला नव्हता आणि गाइडलाही नव्हता. मी भाषांतर केलं नाही.

मग तिनं विचारलेला प्रश्न मात्र मी गाइडला विचारला. "लेबरमध्ये बाई ओरडते. ओरडावंच लागतं. तिला ओरडू दिलं असेल का?"

आमच्या दोघींच्याही मनात कू ची होतं. तिथे वर सैनिक फिरत. खोकला आला तरी दाबावा लागे. गाइड मुलीला प्रश्नाचा रोख कळायला थोडा वेळ लागला. मग ती म्हणाली, इथे वर सैनिक नव्हते. हा उत्तरेचा भाग. इथे फक्त विमानं यायची. विमानांना ऐकू येत नाही.

मी आईला सांगितलं.

"मग बरं," आई म्हणाली.

तिनं हे ज्या आवाजात म्हटलं तो आवाज मी लहानपणी ऐकलेला आहे. रात्रपाळी करून घरी यायची, चपला काढता काढता बाबांना सांगायची, "ती कालची बाई सुटली. मग बरं." पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वी, जमिनीखाली, कुठल्याशा बाईला मोकळेपणी ओरडता आलं, याचा तिला आत्ता दिलासा मिळाला होता. माझा घसा भरून आला आणि मी पायऱ्यांकडे बघत राहिले.

पुढच्या वळणावर ती म्हणाली, "तू एकाहत्तरची. तुझ्याच वयाची असतील यातली काही."

मी १९७१ मध्ये जन्मले. मोठ्या खिडकीच्या खोलीत, असं आईनंच सांगितलेलं आहे. बाहेर पाऊस होता आणि खिडकी मिटता मिटत नव्हती. हे आजवर कितीदा ऐकलं असेल. त्या वाटेत उभी असताना पहिल्यांदा ती खिडकी मला दिसली.

मी इथे काय करत होते, हा प्रश्न मला तिथे पडला, आणि तो मी टाळणार नाही. दुसऱ्याच्या सर्वांत वाईट वर्षांतून मी तिकीट काढून, कॅमेरा गळ्यात घालून चालत होते. याला पर्यटन म्हणायला जीभ कचरते. पण गाइड मुलीनं आम्ही येऊ नये असं कुठेही वाटू दिलं नाही. उलट आईच्या प्रश्नांनी ती खुलत गेली. मला वाटतं, तिला लोक येण्याचं दुःख नव्हतं. लोक घाईनं निघून जातात याचं असावं. विन मोक ज्या प्रांतात आहे त्या क्वांग त्रीच्या मातीतून आजही न फुटलेले बॉम्ब निघतात. शेतं साफ करणारी पथकं रोज कामावर जातात. तिच्यासाठी हे संपलेलं प्रकरण नाही.

शेवटचा मजला चढून आम्ही समुद्राकडच्या तोंडाशी आलो. आधी वारा लागला, मग खारट वास, मग उजेड. डोळे मिटून घ्यावे लागले. बाहेर काही पावलांवर वाळू आणि लाटा. दूरवर बेटाची पुसट रेघ होती, किंवा ढग असेल.

गटातले लोक फोटो काढायला पाण्याकडे गेले. आई मात्र समुद्राकडे पाठ करून भुयाराच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. हाताला तांबडी माती लागली होती, ती तिनं झटकली नाही.

"जन्मल्यावर कावीळ होते बऱ्याच बाळांना," ती म्हणाली. "कोवळ्या उन्हात धरायला सांगायचो आम्ही आयांना. पाच-दहा मिनिटं. यांना पहाटे इथपर्यंत आणत असतील." थोडं थांबून म्हणाली, "हे तोंड पूर्वेकडे आहे ना?"

मी समुद्राकडे बघितलं. हो, पूर्वेकडेच होतं.

तिनं मान हलवली. मग चपला काढून हातात घेतल्या आणि आम्ही पाण्यापर्यंत गेलो.